चौथ्या बाजूचा ऊस

माझ्या भीतीची आमच्या घरात सगळ्यांनी पोटभर चेष्टा केली आहे. दिराची पोरं तर मला भित्री भागूबाई म्हणतच मोठी झाली. मी वडूजच्या बाजूची. आमच्याकडं पाण्याला भ्यायचं म्हटलं तरी आधी पाणी असावं लागतं. लहानपणी आमच्या गावची विहीर उन्हाळ्यात इतकी आटायची की तळाशी उतरून वाटीवाटीनं घागर भरावी लागे. गुडघ्याच्या वर चढणारं पाणी मी लग्नानंतर पाहिलं, आणि तेही एकदम कृष्णेचं.

सांगलीजवळच्या या गावात आले तेव्हा कळलं, सासरची माणसं चालायच्या आधी पोहतात. पोर जरा हातापायानं घट्ट झालं की त्याच्या पाठीला रिकामा प्लास्टिकचा कॅन बांधायचा आणि घाटावरून सरळ ढकलून द्यायचं, ही इथली शाळा. सासऱ्यांच्या काळी कॅनच्या जागी वाळका भोपळा असायचा, एवढाच फरक. पोर ओरडतं, पाणी पितं, काठावरची माणसं हसतात, आणि थोड्याच दिवसांत कॅन सुटतो. माझ्या मुलाला ढकललं त्या दिवशी मी वरच्या पायरीवर तोंडात पदर धरून उभी होते. सासूबाई म्हणाल्या, हिला आधी घरी न्या, नाहीतर हिचं तोंड बघूनच पोरगं बुडायचं.

पुढं नदीत मगरी दिसायला लागल्या. सुरुवातीला कुणाला तरी लांबून दिसली म्हणून लोक त्याला वेड्यात काढत होते, मग घाटासमोरच उन्हाला पडलेली सगळ्यांनीच पाहिली. धुण्याच्या बायका घरच्या नळाला परतल्या आणि पोरांचं पोहणं बंद झालं. माझे यजमान तेव्हा नुकतेच फौजेतून पेन्शनीवर आले होते. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याची मुलगी चार वर्षांची. कृष्णाकाठच्या घरातली पोर आणि तिला पोहता येत नाही, याची यजमानांना लाज वाटायची. पाहुण्यांत विषय निघाला की ते उठून गोठ्याकडं जायचे. शेवटी त्यांनी ठरवलं, नदीत मगर आहे ना, मग पाणीच घरी आणू.

मळ्यातल्या घराच्या मागं, गोठ्याच्या पलीकडं, त्यांनी पोहायला तलाव बांधायला काढला. मुलगा त्याला स्विमिंग पूल म्हणतो, यजमान टँक म्हणतात आणि मी हौद म्हणते. गवंडी मिरजेहून आणला. आतून निळ्या फरश्या, उतरायला एका कोपऱ्यात पायऱ्या, एका टोकाला पाणी माझ्या कमरेएवढं आणि उसाकडच्या टोकाला गळ्याएवढं. पाणी गाळायचं यंत्र आलं, औषधाची पिंपं आली. पहिल्यांदा भरला तेव्हा निम्मं गाव बघायला आलं होतं. म्हातारी माणसं काठावर वाकून बघायची आणि म्हणायची, तळाला पडलेली सुईसुद्धा दिसंल बघा.

मला नेमकी त्याचीच भीती वाटली. नदी निदान दिसायला तरी भीतीदायक दिसते. तिचं पाणी गढूळ, खाली काय आहे ते कळत नाही, त्यामुळं पोर काठावर जरा बिचकतं. हे पाणी देवघरातल्या तांब्यातल्यासारखं स्वच्छ होतं. तळ अगदी हाताशी वाटायचा. आपला हात घातला तर फरशीला लागेल असं मलासुद्धा वाटायचं, मग पोराचं काय. मी तसं म्हणाले तर यजमान म्हणाले, मगर न्हाई, धार न्हाई, भोवरा न्हाई, आता तुला भ्यायला उरलंय तरी काय? त्यावर सगळे हसले. मीही हसले, कारण उत्तर नव्हतं.

उत्तर मला मे महिन्यात मिळालं. मुलगा, सून, नात सुट्टीला आलेली. दुपार कलल्यावर आम्ही सगळे हौदाच्या काठावर कलिंगड खात बसलो होतो. नात पायरीवर उभी होती. कॅनची दोरी सैल झाली म्हणून यजमानांनी ती सोडली होती आणि बोलता बोलता ते नवी गाठ मारत होते. मी एकटीच तिच्याकडं बघत होते, माझी खोडच ती. ती एक पायरी खाली सरकली आणि गेली. ओरडली नाही, पाणी उडवलं नाही. तोंड वर, डोळे सताड उघडे, हात पाण्याखाली कुणीतरी दाबून धरल्यासारखे, केस वर पसरलेले. तिच्यापासून हातभर अंतरावर पोहण्यात पटाईत अशी इतकी माणसं बसली होती आणि कलिंगडाच्या गोडीवर बोलत होती. मी फक्त बोट दाखवलं. यजमानांनी एका हातानं तिला उचलून बाहेर काढलं, ती खोकली, रडली, आणि सगळ्यांनी तिला हसवायला सुरुवात केली. चला, पहिलं पाणी पिलं, आता शिकंल, असं दीर म्हणाले.

माझ्या सासरची अशी पक्की समजूत आहे की बुडणारं माणूस आरडाओरडा करतं. विहिरीत, नदीत त्यांनी तेच ऐकलेलं. ढकललेली पोरं ओरडतातच. म्हणून काठावर चार माणसं असली की त्यांना घोर नसतो. पण ढकललेलं पोर वेगळं आणि बुडणारं वेगळं, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून मला हौदाचा आवाज येत नसला की धडकी भरायची, आणि हौदाचा आवाज तर कधीच येत नसायचा.

माझा धाकटा भाऊ वडूजला वकिली करतो. श्रावणात तो मला भेटायला आला. यजमानांनी त्याला मोठ्या कौतुकानं हौद दाखवला. भाऊ काठापासून चांगला लांब उभा राहिला, आम्ही दोघं एकाच दुष्काळाची भावंडं. त्यानं विचारलं, दाजी, परवानगी काढलीय का? यजमान म्हणाले, माझ्या मळ्यात हौद बांधायला मी कुणाला विचारू? मग भावानं विचारलं की मळा नक्की कुणाच्या नावावर आहे. यजमान हसले आणि माझ्याकडं बोट केलं. वाटणी झाली तेव्हा ते सरहद्दीवर होते, सह्यांना कोण येणार म्हणून सातबाऱ्यावर माझं नाव लागलं ते तसंच राहिलं.

भाऊ माझ्याकडं वळला. घरात बोलतो त्या बोलीतच बोलला, पण आवाज कोर्टातला होता.

"मग आक्का, ध्यानात ठेव. जागा तुजी, पाणी तुजं. उद्या हितं कुणाचं पोर बुडालं तर पयला सवाल तुला इचारणार. हयगयीनं जीव गेला म्हंजे फौजदारी, आन भरपाईचा दावा येगळा."

यजमान म्हणाले, आम्ही कुणाला पोहायला बोलावलंच नाही तर? आपल्या हद्दीत कुणी चोरून शिरलं तर ती त्याची चूक. भाऊ म्हणाला, मोठ्या माणसाचं तसं म्हणता येईल, लहान पोराला हद्द कळत नाही. यजमान म्हणाले, मग पाटी लावू. भाऊ म्हणाला, "दाजी, पोराला पाणी दिसतंय. पाटी दिसत न्हाई."

माझी भीती पहिल्यांदाच कुणीतरी कायद्याच्या भाषेत बोलून दाखवत होतं. मी लगेच पदर खोचला आणि यजमानांच्या मागं लागले. त्यांचा एक गुण मान्य करावा लागेल, फौजी माणूस, एकदा ठरवलं की करून टाकतात. आठवडाभरात लोखंडी खांब रोवले गेले. घराच्या बाजूनं, गोठ्याच्या बाजूनं आणि रस्त्याच्या बाजूनं पुरुषभर उंच जाळी आली. लोखंडी फाटक, त्याला कुलूप, किल्ली यजमानांच्या जुडग्यात. पाटीसुद्धा लावली. चौथी बाजू मात्र मोकळी राहिली.

चौथ्या बाजूला आमचा ऊस होता. हौदाचा काठ, मग थोडी मोकळी जागा आणि लगेच ऊस, दोन पुरुष उंच, आतला वारा बाहेर येऊ नये इतका दाट. मी म्हणाले, तिकडं पण जाळी लावा. यजमान म्हणाले, तोडीच्या वेळी ट्रॅक्टर-ट्रॉली वळवायला तेवढीच जागा आहे, तिथं खांब रोवले तर ट्रॅक्टर काय डोक्यावरून न्यायचा? आणि उसासारखी भिंत असताना जाळी हवी कशाला? उसाचं पान अंगाला घासलं की कापतं, आतून साप, रानडुक्कर, कुणाचं पोर तिकडून येणार? ते खरंही होतं. उसातून माणूस येत नाही. आमच्या भागात सगळेच असं मानतात. उसाच्या आडोशानं घरं उभी असतात, उसाच्या भरवशावर गोठ्याची मागची बाजू उघडी ठेवतात, बायका उसाकडं तोंड करून निवांत न्हातात. वर्षभर तो तिथं असतो, त्यामुळं तो कायमचा वाटायला लागतो. मी वाद घातला, हरले, आणि खिडकीतून त्या हिरव्या भिंतीकडं बघायची मलाही सवय झाली.

दिवाळी झाली, कारखाने सुरू झाले. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या धावायला लागल्या. आमच्या उसाला तोड कधी येणार याचा पत्ता नव्हता. यजमान रोज तोडणी टोळीच्या मुकादमाला फोन करायचे आणि तो रोज उद्या म्हणायचा. अशात भावाच्या मुलीचा साखरपुडा निघाला. मी दोन दिवस आधी वडूजला गेले. साखरपुडा छान पार पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अंगणात बसून उरलेल्या बुंदीचे लाडू वळत होतो तेव्हा यजमानांचा फोन आला. आवाजात सण होता.

"तोड आली गं. टोळी सकाळीच उतरली. दुपारपातूर निम्मा फड मोकळा व्हतोय बघ."

मी विचारलं, "कुठल्या बाजूनं धरलाय?"

"हौदाकडनं. ट्रॅक्टर तितंच वळतोय न्हवं."

माझ्या हातातला लाडू फुटला. मी विचारलं, टोळीबरोबर पोरं किती आहेत? ते म्हणाले, कुणाची पोरं? मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते हसायला लागले. "आलीस का पुन्हा? मी हाय की हितं."

मी सांगितलं, तुम्ही तिथं खुर्ची टाकून बसा, दुसरं काही करू नका. ते म्हणाले, आज खुर्चीत बसायचा दिवस आहे का, ट्रॉली भरून घ्यायची आहे, माणसांच्या चहाचं बघायचंय. मागं ट्रॅक्टरवरची गाणी इतकी मोठ्यानं लागली होती की त्यांचं पुढचं बोलणं मला ऐकू आलं नाही. त्यानंतर मी फोन लावत राहिले. घंटी वाजायची आणि कुणी उचलायचं नाही.

भावाला मी काहीच सांगितलं नाही, फक्त म्हणाले, गाडी काढ. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि किल्ली घेतली. वहिनी म्हणत होती, अहो वन्सं, जेवून तरी जा. मायणी आल्यावर मी त्याला सांगितलं की चौथ्या बाजूला जाळी नाही. त्याला वाटलं होतं सगळीकडून लावली. तो म्हणाला, ऊस कधीपासून तुटायला लागलाय? मी म्हणाले, सकाळपासून. त्यानं गाडीचा वेग वाढवला.

विट्याच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या आडव्या यायला लागल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, रस्ता भरून डुलत चाललेल्या, मागून हॉर्न वाजवला तरी गाण्यांपुढं ऐकू जात नाही. एरवी मला ट्रॉल्या बघून आनंद होतो, वर्षाचं पीक चाललेलं असतं. त्या दिवशी प्रत्येक ट्रॉलीत मला आमचीच भिंत भरून चाललेली दिसत होती. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायको दोघंही कोयता धरतात. तान्हं असेल तर बांधावर झोळीत, चालणारं असेल तर मोकळं सोडलेलं. ती पोरं आईबापाच्या मागोमाग तुटलेल्या रानातून पुढं सरकत येतात. मी ती दरवर्षी बघते, त्यांना गूळ-शेंगदाणे देते. ऊस आडवा व्हायचा तो त्यांच्याच आईबापाच्या हातानं, आणि पलीकडं काय आहे ते सगळ्यात आधी दिसायचं ते त्यांनाच. मी पुन्हा फोन लावला. तासगावात एका चौकात गाडी अडली तेव्हा मी भावाला विचारलं, काही झालं असलं तर काय होतं? तो म्हणाला, आक्का, आधी पोचू.

घरी पोचलो तर घराला कुलूप. यजमान रानात असणार हे उघड होतं. मी घराला वळसा घालून मागं पळाले आणि हौदाच्या फाटकापाशी थबकले. ऊस नव्हता. जिथं कायम हिरवं दिसायचं तिथं आभाळ होतं, खाली पार लांबपर्यंत वाळल्या पाचटाचा पिवळा पसारा, आणि रानाच्या त्या टोकाला ट्रॅक्टर, गाणी आणि वाकलेली माणसं. हौद एकदम उघड्या माळावर ठेवल्यासारखा दिसत होता. त्याच्या खोल टोकाला, पलीकडच्या काठावर, एक मुलगी उकिडवी बसली होती.

नातीपेक्षा जरा मोठी असेल. मोठ्या माणसाचा शर्ट घातलेला, केस धुळीनं पिंगट. शेजारी एक भरलेली बाटली झाकण लावून नीट उभी केलेली, आणि दुसरी ती पाण्यात दाबून भरत होती. तिला पाण्यात खेळायचं नव्हतं. ती आईबापाला प्यायला पाणी नेत होती. नंतर कळलं, सकाळपासून तिच्या तशाच खेपा चालल्या होत्या. यजमानांनी टोळीला चहा दिला होता, दुपारचं जेवणही देणार होते. पाण्याचा विचार कुणी केला नव्हता, समोर एवढं पाणी होतं म्हणून.

मी फाटक ओढलं. कुलूप. मी ज्या कुलपासाठी यजमानांचं डोकं खाल्लं होतं ते मजबूत होतं, आणि किल्ली यजमानांच्या खिशात रानाच्या त्या टोकाला होती. मला कळत होतं की ओरडायचं नाही. कठड्यावर बसलेल्या पोराला हाक मारू नये, हे आमच्या दुष्काळी गावातल्या बायांनाही ठाऊक असतं. मी जाळीला तोंड लावून हळूच म्हणाले, बाळा, अगं बाळा, जरा मागं बस. तिला ऐकू गेलं नाही.

तेवढ्यात भाऊ मागून आला आणि त्यानं तिला पाहिलं. त्याचा आवाज कोर्टाचा, खणखणीत. तो ओरडला, "ए पोरी, मागं सर!"

तिनं दचकून वर बघितलं. जाळीआड दोन परकी माणसं, एक इस्त्रीच्या कपड्यातला. मालकाच्या वस्तूला हात लावला तर मार मिळेल, हे तिला घरी शिकवलेलं असणार. ती पळायलाच उठली, पण बाटल्या टाकून कशी पळणार? भरलेली बाटली उचलताना दुसरी हातातून सुटली आणि पाण्यात गेली. ती बाटली धरायला मुलगी वाकली, आणि मे महिन्यात जसं पाहिलं होतं तसंच झालं. आवाज नाही.

मी गोठ्याला वळसा घालून जाळीच्या शेवटच्या खांबाकडं धावले. चपला कुठं गेल्या माहीत नाही. उसाची ताजी खोडकी पायात घुसत होती, ते घरी आल्यावर रक्त दिसलं तेव्हा कळलं. मागं भाऊ पाचटावरून घसरून पडला. मी हौदाच्या काठाशी आले तेव्हा पाणी शांत होतं, बाटली तरंगत होती आणि त्या स्वच्छ पाण्यात शर्ट फुगून ती खाली दिसत होती, हाताशी आल्यासारखी. मला पोहता येत नाही. तिथं पाणी माझ्या गळ्याएवढं आहे हे मला माहीत होतं, आणि एवढ्या आधारावर मी उडी मारली.

साडी पायात गुंडाळली. फरशी शेवाळल्यासारखी निसरडी, पाय टिकेना, नाकातोंडात पाणी गेलं. मी मेले असं मला स्पष्ट वाटलं. मग हाताला केस लागले. मी ते धरले आणि वर खेचले, जेवढं बळ होतं तेवढ्यानं तिला काठाकडं ढकललं, आणि वरून भावानं तिचा दंड धरला. मी काठाला धरून कशीबशी वर आले. त्यानं तिला पालथी केली, पाठ थोपटली. ती लाकडासारखी होती. माझा भाऊ तोंडानं काय काय पुटपुटत होता, त्यात आमच्या वडूजकडच्या ग्रामदैवताचं नाव होतं. मग तिच्या तोंडातून पाणी आलं, आणखी पाणी आलं, आणि ती खोकली.

तोवर यजमान धावत आले होते. त्यांनी तिला उचललं आणि ते गाडीकडं पळाले. तिची आई कोयता हातात घेऊनच गाडीत बसली. कुणीतरी तो तिच्या हातातून काढून घेतला.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, आता बरी दिसते आहे, पण छातीत पाणी गेलं की त्रास उशिरानंही होतो, म्हणून ठेवून घेऊ. अशा वेळी दवाखान्यातून पोलिसांना कळवतातच, तसा एक हवालदार आला. त्यानं विचारलं, मालक कोण? यजमान पुढं झाले. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता, सरहद्दीवरून आल्यावरही नाही. मी त्यांना बाजूला केलं आणि म्हणाले, मी. जमीन माझ्या नावावर आहे. माझ्या साडीचं पाणी फरशीवर टिपकत होतं. बोलताना माझे दात वाजत होते.

हवालदारानं मुलीच्या बापाला विचारलं, तक्रार काय आहे? तो बीडकडचा तरणा माणूस, पाचटाच्या कुसळानं हात चिरलेले. तो हवालदाराशी बोललाच नाही. माझ्यासमोर येऊन त्यानं हात जोडले.

"बाई, लेकरानं तुमचं पाणी नासवलं. तिला म्हणलं व्हतं, तिकडं जाऊ नगं. आमचीच चूक हाय. माफी असावी."

त्याची बायको त्याच्या मागं मान हलवत होती. हवालदारानं तेच लिहून घेतलं.

मुलगी दोन रात्री तिथं राहिली आणि हिंडायला फिरायला लागली. टोळी पुढच्या गावाला गेली. यजमानांनी चौथ्या बाजूला जाळी लावली नाही, भिंतच बांधली, ट्रॅक्टर आता लांबच्या बांधावरून वळतो. रस्त्याकडेला, जाळीच्या बाहेर, प्यायच्या पाण्याचा नळ बसवला. त्याला तोडीच्या दिवसांत कायम कुणाची ना कुणाची पोरं असतात. यजमान हौदाजवळ खुर्ची टाकून बसतात आणि कुणी न सांगता बसतात. घरात माझी चेष्टाही आता कुणी करत नाही. ती थांबल्यापासून घर फार गप्प वाटतं.

पण मला जागं ठेवतं ते त्या संध्याकाळचं बोलणं. दवाखान्याच्या बाहेर पायरीवर मी आणि भाऊ उभे होतो. त्याच्या पँटला चिखल लागला होता. त्या ओरडण्याबद्दल तो तेव्हाही बोलला नाही आणि आजवर बोललेला नाही.

मी विचारलं, "पोरगी गेली असती तर माझी केस तू घेतली असतीस?"

"दुसऱ्या कुणाला दिली असती व्हय?"

"काय म्हणाला असतास कोर्टात?"

तो म्हणाला, "म्हणालो असतो, तीन बाजूंनी जाळी हुती. फाटकाला कुलूप हुतं. पाटी हुती. पोरीला कुणी बोलावलं नव्हतं, आईबापानं एकटी सोडली हुती. आन बाप आत्ता आत जे बोलला, तेच तितंबी बोलला असता."

"मग?"

"मग काय, आक्का. सुटली असतीस बहुतेक."

मी तिथंच पायरीवर बसले. पाण्यात उडी मारतानासुद्धा मी एवढी भ्याले नव्हते.